दंतप्रश्न : मुळांवर बसवलेली कवळी किती वर्षे साथ देते?

दात पूर्ण न काढता त्यांची मुळे जबड्यात राखायची आणि त्यांच्यावर काढता-घालता येणारी कवळी बसवायची, या उपचाराविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतल्या चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. आम्ही दंतवैद्य या उपचाराला ‘ओव्हरडेंचर’ म्हणतो. वाचकांनी पत्रांत ‘मुळांवरची कवळी’ असे लिहिले आहे. ते नाव मला अधिक नेमके वाटते, म्हणून पुढे तेच वापरते. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : माझे वय ६८ आहे. मी इंदूरमध्ये रामबागेत राहते आणि शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आहे. वरच्या जबड्यात सहा वर्षांपासून पूर्ण कवळी आहे, तिचा मला काही त्रास नाही. खालच्या जबड्यात आता दोन्ही सुळे आणि डावीकडची एक दाढ एवढेच उरले आहे, आणि ती दाढही हलते. एका डॉक्टरांनी सगळे काढून पूर्ण कवळी बसवू असे सांगितले. दुसऱ्यांनी दोन्ही सुळ्यांचे रूट कॅनाल करून ते हिरडीलगत कापू आणि त्यांवर कवळी बसवू असे सुचवले. मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो की इम्प्लांटच (हाडात बसवायचे धातूचे कृत्रिम मूळ) करून घे. माझा प्रश्न साधा आहे. कापलेली ही मुळे किती वर्षे टिकतात? चार-पाच वर्षांनी तीही काढावीच लागणार असतील, तर आज हा खर्च आणि हा व्याप कशासाठी करायचा?

उत्तर : सरळ उत्तर आधी देते. मुळे नीट पारखून निवडलेली असतील आणि त्यांची रोज निगा राखली जात असेल, तर ती दहा-पंधरा वर्षे आणि पुष्कळदा त्याहूनही अधिक टिकतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एटिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचा फार चिकाटीने पाठपुरावा केला. त्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २७३ रुग्णांच्या ६६६ दातांची नोंद आहे. सगळ्यांचाच पाठपुरावा सारख्या काळाचा नव्हता, परंतु काहींचा तो २२ वर्षांपर्यंत झाला. या साऱ्या काळात साधारण पाचांपैकी एक दात गमवावा लागला आणि चार टिकले. गेलेल्या दातांच्या कारणांत हिरड्यांचा आजार सर्वांत वर होता. त्याखालोखाल मुळाच्या टोकाशी होणारा संसर्ग आणि कीड. हे रुग्ण वेळोवेळी तपासणीला बोलावले जात होते, ही गोष्ट मात्र आकडा वाचताना विसरू नये. कवळी बसवून घेतली आणि पुन्हा दवाखान्याकडे फिरकले नाही, अशा माणसाला हा आकडा लागू होत नाही.

पण केवळ मुळांच्या वर्षांचा हिशेब मांडला तर तो अपुरा राहतो, हे मला आपल्याला आग्रहाने सांगायचे आहे. जबड्याच्या ज्या कडेत दात रुतलेले असतात, तिथले हाड दाताच्या आधारासाठीच असते आणि दात गेला की ते झिजू लागते. पहिल्या वर्षी ही झीज सर्वांत वेगाने होते, पुढे मंदावते, पण थांबत कधीच नाही. अँत्ये टालग्रेन यांनी पूर्ण कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांचा २५ वर्षांपर्यंतचा अभ्यास १९७२ साली मांडला, त्यात खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाची झीज वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट आढळली. वरच्या कवळीला सबंध टाळूचा आधार मिळतो; खालचीला घोड्याच्या नालेसारखी एक अरुंद कड मिळते आणि नेमकी तीच झिजत जाते. आपल्याला वरच्या कवळीचा त्रास नाही, यावरून खालचीही तशीच सुखाची होईल असा अंदाज बांधू नये, तो याच कारणासाठी.

आता या नोंदीशेजारी दुसरी ठेवून पाहा. क्रम आणि रूनी या संशोधकांनी १९७८ साली पाच वर्षांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे खालचे दोन सुळे राखून त्यांवर कवळी बसवली होती, त्यांच्या जबड्याच्या पुढच्या भागाची उंची पाच वर्षांत सरासरी ०.६ मिलीमीटरने कमी झाली. ज्यांचे सगळे दात काढले होते, त्यांची ५.२ मिलीमीटरने. पाच मिलीमीटर म्हणजे करंगळीच्या नखाची साधारण निम्मी रुंदी. ज्या कडेवर कवळीचा सगळा भार पडतो, त्या कडेतून एवढे हाड पाच वर्षांत नाहीसे होते. म्हणून समजा आपली मुळे आपल्या धास्तीप्रमाणे पाच वर्षांनीच गेली, तरी त्या पाच वर्षांत वाचलेले हाड त्या दिवशी आपल्या जबड्यात असेल आणि मोठी झीज तेव्हापासून सुरू होईल. खर्च वाया गेला का, हे ठरवताना ही जमेची बाजू धरावीच लागते. माझ्या मते ती मुळांच्या आयुष्याहूनही मोठी आहे.

तिसरी गोष्ट चावण्याची. १९७८ सालच्याच एका तुलनेत अन्न चावून बारीक करण्याची क्षमता मोजली गेली: नैसर्गिक दात असलेल्यांची १०० पैकी ९०, मुळांवरची कवळी असलेल्यांची ७९ आणि साध्या पूर्ण कवळीची ५९. या फरकाचे कारण केवळ कवळी घट्ट बसते एवढेच नाही. दाताचे मूळ हाडात सिमेंटने चिकटवलेले नसते. पाव मिलीमीटरच्या आसपास जाडीच्या तंतूंच्या पडद्याने ते हाडाशी बांधलेले असते, आणि त्या पडद्यात दाबाची जाणीव देणाऱ्या नसा असतात. भातात बारीक खडा लागताच आपला जबडा विचार करण्याआधीच थांबतो, तो या पडद्यामुळे. रूट कॅनालमध्ये दाताच्या आतली नस काढतात. बाहेरचा हा पडदा आणि त्याची जाणीव शाबूत राहते. माझ्याकडे येणारे एक आजोबा खालच्या दोन मुळांवरची कवळी लावून दर हिवाळ्यात सराफ्यात तळलेले गराडू कंद खातात, आणि ‘तुकडा कडक आहे की मऊ, ते मला कळतं’ असे सांगतात. त्यांचे हे वाक्य मी विद्यार्थ्यांना या पडद्याविषयी शिकवताना हमखास सांगते. इम्प्लांटला असा पडदा नसतो. तो हाडाशी थेट जुळतो.

आपल्या सुळ्यांचे प्रत्यक्ष काय होईल, तेही सांगते, कारण ‘कापू’ या शब्दाने पुष्कळ जण घाबरतात. रूट कॅनाल झाल्यावर हिरडीच्या वर जेमतेम दीड-दोन मिलीमीटर ठेवून दात कापतात आणि त्याला घुमटासारखा गोल, गुळगुळीत आकार देतात. आरशात पाहिले, तर हिरडीतून अर्धा हरभरा डोकावतो आहे असे वाटावे. मधले भोक भरून बंद करतात. काही वेळा वर धातूची टोपी घालतात. कापल्यामुळे दात दुबळा होतो ही समजूत बरोबर नाही. जमिनीत रोवलेली उंच काठी हाताने सहज हलवता येते, पण तीच जमिनीलगत कापली तर उरलेला खुंट हलवणे कठीण जाते. दाताचेही तेच आहे. म्हणून थोडा हलणारा सुळासुद्धा कापल्यानंतर कित्येकदा घट्ट झालेला दिसतो. सुळ्याचे मूळ सगळ्या दातांत सर्वांत लांब असते आणि आपल्याकडे दोन्ही बाजूंचे सुळे आहेत. यापेक्षा चांगली मांडणी क्वचितच मिळते.

एवढे सांगितल्यावर धोका कुठे आहे, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. कवळीखाली झाकलेल्या मुळावर जीभ फिरत नाही, लाळ नीट पोचत नाही, आणि कवळीतल्या खळग्यात अन्नाचा थर साचून राहतो. माझ्या व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात मी एका बाईंना अशी कवळी बसवली. कवळी कशी धुवायची ते नीट समजावले, पण मुळे घासायची असतात हे मी त्यांना सांगितलेच नाही. मला ते इतके उघड वाटत होते. दीड वर्षाने त्या आल्या तेव्हा दोन्ही मुळे तपकिरी आणि मऊ झाली होती, अवजार टेकवले की रुतत होते. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही दात कापलेत, मग तिथे घासायला काय उरलं, असं मला वाटलं.’ चूक त्यांची नव्हती. तेव्हापासून कवळी देण्याच्या दिवशी मी आरसा रुग्णाच्या हातात देते आणि मुळे माझ्यासमोर घासायला लावते. ते जमल्याखेरीज कवळी घरी नेऊ देत नाही.

आपणही हे आधीच समजून घ्या. दिवसातून दोनदा कवळी काढावी. डाव्या हाताच्या बोटाने खालचा ओठ खाली ओढून धरावा आणि लहान डोक्याच्या मऊ ब्रशने प्रत्येक मुळाचा माथा आणि मुख्यतः हिरडीला लागून असलेली कड सगळ्या बाजूंनी घासावी. जिभेकडची बाजू नेहमी राहून जाते, ती आठवणीने घ्यावी. नेहमीच्या फ्लोराइड टूथपेस्टमध्ये फ्लोराइडचे प्रमाण साधारण १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) असते; मुळांसाठी आम्ही ५००० पीपीएमची पेस्ट किंवा जेल लिहून देतो. स्वच्छ केलेल्या कवळीच्या खळग्यांत तिचा एकेक थेंब घालून कवळी काही मिनिटे लावावी, थुंकावे आणि अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवावी, मुळे असली तरीही. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडत असेल तर ते डॉक्टरांना सांगावे, कारण लाळ कमी झाली की कीड फार वेगाने पसरते. कोरडेपणावर उपाय म्हणून तोंडात खडीसाखर धरून ठेवण्याची सवय आपल्याकडे पुष्कळ वडीलधाऱ्यांना असते. ती मुळांना घातक आहे.

आता आपल्या निर्णयाविषयी. हलणारी दाढ बहुधा काढावी लागेल. सुळ्यांचा एक्स-रे पाहून निम्मे किंवा त्याहून अधिक मूळ हाडात असल्याची खात्री करून घ्या. तसे असेल तर आपल्या दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला मला पटतो. मुलाचे म्हणणे चुकीचे नाही, पण ते वेगळ्या परिस्थितीला लागू पडते. खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय मानावा, असे कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी एकमताने म्हटले. ते दात गमावलेल्यांविषयी होते. इम्प्लांट बसवता यावेत म्हणून चांगले सुळे उपटावेत, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. शिवाय आज मुळे राखली तर इम्प्लांटचा मार्ग बंद होत नाही. पुढे कधी गरज पडली तर त्यासाठी लागणारे हाड मुळांनीच सांभाळून ठेवलेले असेल. याच्या उलटा क्रम मात्र शक्य नाही. खर्चाची अडचण असेल तर एम. वाय. रुग्णालयाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात कवळ्यांच्या विभागात चौकशी करावी. तिथे वेळ अधिक लागतो, पण खर्च पुष्कळ कमी येतो.

प्रश्न : माझे वय ६३. मी सुदामानगरमध्ये राहतो. ११ वर्षांपूर्वी माझ्या वरच्या जबड्यातली चार मुळे राखून त्यांवर कवळी बसवली. खालचे बहुतेक दात माझे स्वतःचे आहेत. मी स्वच्छता मनापासून ठेवली आणि एकाही मुळाला कीड लागली नाही. तरीही गेल्या महिन्यात उजवीकडचे पुढचे मूळ उभे चिरल्याचे निघाले आणि ते काढावे लागले. माझे कुठे चुकले? उरलेली तीनही आता अशीच जाणार का?

उत्तर : आपल्या निगेत खोट दिसत नाही, ११ वर्षे चारही मुळे कीड न लागता राहिली, यातच ते आले. मूळ उभे चिरण्याचा प्रकार वेगळा आहे. वर उल्लेखलेल्या आयोवातल्या पाठपुराव्यात असे चिरलेले दात मुख्यतः वरच्या जबड्यातले होते आणि त्यांच्यासमोर खाली नैसर्गिक दात होते, म्हणजे अगदी आपल्यासारखी परिस्थिती. खालचे नैसर्गिक दात जो जोर लावतात तो कवळीवाल्याच्या जोरापेक्षा पुष्कळ अधिक असतो, आणि रूट कॅनाल केलेल्या, मधून पोकळ करून भरलेल्या मुळाला तो वर्षानुवर्षे सोसावा लागतो. मूळ गोल असले तरी आतून ते एका बाजूला पातळ असू शकते, आणि चीर तिथूनच जाते. अशी चीर गेलेले मूळ सांधता येत नाही. ते काढण्याचा निर्णय योग्यच होता.

उरलेल्या तिघांविषयी आताच धीर सोडू नये आणि ‘एक गेले, तर सगळीच काढून टाकू’ असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. प्रत्येक मुळाचा हिशेब स्वतंत्र असतो. तीन मुळे वरच्या कवळीला पुरेशी आहेत. ती दोन्ही बाजूंना विभागलेली असली तर उत्तमच. जखम भरल्यानंतर कवळीतला रिकामा झालेला खळगा भरून घ्यावा. दोन-तीन महिन्यांनी हिरडी स्थिरावली की कवळीला आतून नवा थर द्यावा, ज्याला आम्ही रीलाइन म्हणतो. ते न करता कवळी तशीच वापरली, तर ती त्या बाजूला डगमगेल आणि डगमगणाऱ्या कवळीचा तिरका भार उरलेल्या मुळांवर येईल. पुढची चीर टाळण्यासाठी करण्यासारखी सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच आहे.

आणखी दोन बाबी आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात. झोपेत दात खाण्याची सवय आहे का, हे घरच्यांना विचारावे. असेल तर रात्री कवळी बाहेर असलीच पाहिजे. दुसरे म्हणजे कवळीवर चावण्याच्या खुणा कागदाने पाहून ज्या ठिकाणी एखाद्याच मुळावर जोर येतो, ती जागा घासून घ्यावी. ११ वर्षांत कवळीचे दात झिजतात, चावण्याची पातळी बदलते आणि सुरुवातीला सगळीकडे सारखा वाटला गेलेला भार हळूहळू एका ठिकाणी गोळा होतो. माझ्या पाहण्यात बरेच जण मुळांची तपासणी करून घेतात, पण कवळीची झीज कोणी दाखवत नाही. मुळाच्या वर कवळीचा थर पातळ असतो, त्यामुळे कवळी तिथेच तडकण्याचाही संभव असतो. नवी करायची वेळ आली तर आत धातूची जाळी घालून घ्यावी.

प्रश्न : माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. त्यांच्या खालच्या दोन मुळांवर नऊ वर्षांपासून कवळी आहे. दोन वर्षांपासून त्यांना कंपवात आहे, हात थरथरतात, ब्रश धरवत नाही. आता मुळांभोवतीच्या हिरडीतून रक्त येते. हाडे ठिसूळ झाल्यामुळे त्या दर आठवड्याला एक गोळी घेतात. दंतवैद्यांनी मुळे काढून टाकू असे म्हटले आहे, पण सासूबाईंची तयारी नाही. आम्ही काय करावे?

उत्तर : मुळे काढण्याची घाई करू नये, असे मी म्हणेन, आणि त्याचे मुख्य कारण ती आठवड्याची गोळी आहे. ती अलेंड्रोनेटच्या गटातली असेल, तर असे औषध घेणाऱ्यांमध्ये दात काढल्यावर जबड्याची जखम न भरण्याचा आणि हाड उघडे पडण्याचा धोका असतो. गोळ्यांच्या बाबतीत तो थोडा असला तरी खरा आहे, आणि औषध जितकी वर्षे चालू असेल तितका वाढतो. म्हणून दंतवैद्यांना औषधाचे नाव आणि ते किती वर्षांपासून चालू आहे, हे लिहून द्यावे. गोळी परस्पर बंद मात्र करू नये. तो निर्णय ज्यांनी ती दिली त्या डॉक्टरांचा आहे. मुळाच्या टोकाशी पू झाला असेल किंवा मूळ पार हलत असेल, तर काढण्यावाचून गत्यंतर नसते. केवळ हिरडी सुजून रक्त येत असेल, तर ती पंधरा दिवसांच्या नीट स्वच्छतेने बहुतेक वेळा ताळ्यावर येते.

अडचण स्वच्छता कोणी करायची, ही आहे, आणि आपण पत्र लिहिले आहे त्यावरून ती करायला घरात माणूस आहे असे दिसते. पद्धत सांगते. सासूबाईंना पाठीला टेकण असलेल्या खुर्चीवर बसवावे, समोर नव्हे तर त्यांच्या मागे उभे राहावे आणि त्यांचे डोके आपल्या अंगाला टेकू द्यावे. या स्थितीत त्यांची मान स्थिर राहते, थरथर कमी होते आणि आपल्याला खालचा जबडा वरून स्पष्ट दिसतो. कवळी काढून ठेवावी. एका हाताच्या बोटाने ओठ दूर करून दुसऱ्या हाताने मूळ घासावे. दोन मुळांना दोन मिनिटे पुरतात. पहिले तीन-चार दिवस रक्त अधिक येईल, त्यामुळे घासणे थांबवू नये. सुजलेल्या हिरडीतून रक्त येते आणि घासले नाही तर सूज उतरत नाही. सकाळी घाई असेल तर रात्रीची वेळ तरी चुकवू नये. त्यांना स्वतः काही करायची इच्छा असेल, तर ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करून द्यावा. जाड दांडा थरथरत्या हातालाही धरता येतो. जे त्यांच्या हातून होईल ते त्यांना करू द्यावे आणि राहिलेले आपण पुरे करावे. दुसऱ्याने तोंडात हात घालणे वडीलधाऱ्या माणसाला फार संकोचाचे वाटते. त्यांची परवानगी विचारून, दार लावून घेऊन हे केले तर त्या हळूहळू तयार होतील.

सासूबाईंची तयारी नाही, हेही मला महत्त्वाचे वाटते. कंपवातात जीभ, ओठ आणि गाल यांच्यावरचा ताबा सुटत जातो, आणि खालची साधी कवळी जागेवर राहते ती पुष्कळशी या तिघांच्या जोरावर. ज्याला तो ताबा उरलेला नाही, त्याला मुळांचा आधार इतरांपेक्षा अधिक लागतो. मुळे गेली आणि नवी कवळी बसेना, तर त्यांचे खाणे खिचडी आणि पेज यांवर येईल, आणि या वयात खाणे कमी झाले की प्रकृती झपाट्याने उतरते. दर तीन महिन्यांनी दाखवावे. या वेळी मुळांवर अधिक प्रमाणाच्या फ्लोराइडचा लेप दवाखान्यातच करून घ्यावा.

प्रश्न : माझ्या मुळांवर टिचबटणासारखी जोडणी बसवली आहे. वर्षभर कवळी ‘टिक’ आवाज करून बसत असे, आता आवाज येत नाही आणि कवळी सैल वाटते. मुळे सैल झाली असतील का?

उत्तर : बहुधा नाही. अशा जोडणीत मुळावरचा भाग धातूचा आणि कवळीतला भाग नायलॉनच्या कड्याचा असतो. रोज काढताना-घालताना हे कडे झिजते आणि काही महिन्यांनी किंवा वर्षा-दोन वर्षांनी बदलावे लागते. खुर्चीत बसल्या-बसल्या हे काम होते. कडे घरी दाबून वा कापूस घालून घट्ट करण्याचा प्रयत्न करू नये. बोटाने मुळावरचा धातूचा भाग हलवून पाहावा. तो हलत असेल, किंवा कवळी काढल्यावर तिथून दुर्गंधी येत असेल, तर धातूखालचे सिमेंट सुटून आत कीड शिरली असण्याची शक्यता असते. त्या वेळी त्याच आठवड्यात दवाखान्यात जावे. कडे बदलायला जाल तेव्हा दंतवैद्यांना मुळांचा एक्स-रेही काढायला सांगावा.